न झाडलेलं अंगण

अक्का, आज सकाळी शेजारची नवी सून आपल्या विहिरीत डोकावून गेली. त्यांची बोअर आटलीय, टँकरची वाट बघून कंटाळलीय बिचारी. आपलं पाणी बघून म्हणाली, नशीब तुमचं. नशीब कसलं डोंबलाचं! तुम्ही तुमचं अंगण सोडलंत म्हणून हे पाणी आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

सगळी गल्ली तुम्हाला अक्का म्हणायची, म्हणून सून असूनही मी तेच म्हणू लागले. आणि गल्लीत अंगण म्हणजे तुमचंच. उजाडायच्या आत झाडून, शेणसडा घालून इतकं गुळगुळीत, की पानं मांडून पंगत बसवावी. मी हेब्बाळला मातीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात विहीर कोरडी पडली आणि तुमच्या थोरल्यानं, भाऊजींनी, ती बुजवून वर सिमेंट घालायचं ठरवलं. तुमच्या सासऱ्यांनी खणलेली विहीर. तुम्ही ताट तसंच सारून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचात.

ते बघवेना, म्हणून मी तळ कापलेले दोन पत्र्याचे डबे आणले. एक अंगणात रोवला, दुसरा फणसाखाली, पाचोळ्यात. दोन्हींत तांब्याभर पाणी ओतलं. फणसाखालचं बघता बघता मुरलं, अंगणातलं तसंच उभं. तुम्ही पदराला हात पुसत शेजारी येऊन बसलात. मी सांगितलं, आपली तांबडी माती उघडी पडली की पावसाच्या माऱ्यानं तिच्यावर दुधावरच्या सायीसारखा थर धरतो. त्यात रोजचं झाडणं, सडा. मग पाणी आत न जाता गटाराला लागतं. तुम्ही अंगणातल्या डब्यात बोट बुडवून बघितलंत.

"म्हणजे विहिरीचं तोंड मीच बांधलं?"

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही खराटा माळ्यावर टाकलात. फणसाची पानं अंगणभर साचू लागली. वाळवी लागेल, भाऊजी कुरकुरले. बायका विचारायच्या, अक्का, बरं नाही का? तुम्ही ताठ मानेनं सांगायचात, सुनेनं सांगितलंय.

पावसाळा गेला, विहीर कोरडीच. भाऊजी माझ्याकडे बघून हसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा ताटावरच तुम्ही तुमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत त्यांना थांबवलंत.

"मातीला स्वल्प वेळ दे. पोर खोटं बोलायची नाही."

पुढच्या वर्षी बादलीला गाळ लागला, त्याच्या पुढच्या वर्षी नितळ पाणी. पहिला तांब्या तुम्ही माझ्या ओंजळीत ओतलात. माहेरीसुद्धा माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकला नव्हता, अक्का. आज नोकरीत लोक माझं ऐकतात, पण मला बोलायचं बळ त्या ओंजळीनं दिलं.

पाणी नक्की येईल का, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत. विचारलं असतंत तर माहीत नाही म्हणाले असते, कारण मलाही खात्री नव्हती.

हा कागद तुमच्या रांगोळीच्या डब्याखाली ठेवतेय. डबा अजून रोज उघडते. उंबऱ्यासमोर ताटाएवढी जागा मी झाडते, सारवते आणि तुमची रांगोळी काढते. तेवढ्या जागेत पाणी मुरत नाही. असू दे.