थोरलीचा टाक

नेवासे, ३ मे १९४३
काल सासरी आले. घर लहान पण लख्ख. पुढं ह्यांचं कापडाचं दुकान, परसात आड आणि मोगरा, पलीकडं प्रवरा. मी दुसरेपणावर दिलेली, पण लढाईच्या दिवसांत ज्या घरात साखर आणि रॉकेल दोन्ही आहे तिथं रडत कशाला यायचं? हे माळकरी, बोलायला मऊ. गावातल्या बायका ह्यांच्या पाया पडतात. सासूबाईंनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. त्यावर बाईचा चेहरा आहे, ह्यांची पहिली, बाळंतपणात गेलेली पुष्पावती. लुगडं, फूल, घास, सगळं आधी टाकाला दाखवायचं, मग मला. "तिचं उष्टं तू खायचं. तुजं उष्टं तिला चालनार न्हाई," असं बजावलं. मी मनात म्हटलं, न भांडणारी सवत मिळाली, नशीबच म्हणायचं.

१९ मे
हे माझ्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. सासूबाई म्हणतात, थोरली गेल्यापासून त्यानं ब्रह्मचर्य धरलंय, साधुपुरुष आहे. असेल. मी काही दगड नाही. सकाळी हे आडावर अंघोळ करतात तेव्हा ओली पाठ बघत राहते आणि तव्यावर भाकरी करपते. देवा, लिहिलं खरं.

२ जून
रोज सकाळी हे टाक मागून घेतात आणि देवघराचं दार लावून पूजा करतात. आज फटीतून पाहिलं. टाकाला ओठ लावले होते. देवाला लावतात तसे नव्हे. डोळे मिटून, कितीतरी वेळ. माझा पदर लागला तर पुन्हा अंघोळ करणारा माणूस! मला त्या चांदीचा हेवा वाटला.

३ जून
आज मोगरा टाकाला न दाखवता माळला. ह्यांनी आधी मला बघावं म्हणून. दुपारी गजरा काळा पडला, टाकाखालची कातडी भाजल्यासारखी झाली. सासूबाई म्हणाल्या, तू तिच्या आधी घेतलंस, आता ती तुझ्या आधी घेईल.

९ जून
सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. हे दुकान बंद करून आत आले, समोर बसले, टाकाला बोट लावलं आणि माझ्याकडं बघून हाक मारली, "पुष्पे."
नाही म्हणायला हवं होतं. पण उपाशी माणूस ताट कुणाच्या नावाचं ते विचारत बसत नाही. मी ओ दिली.

२० जून
हे आता रोज जवळ येतात. मला काही जाणवत नाही. हात अंगावर असतो आणि अंग बधिर. सुख सगळं तिला. टाकाचा दोरा कापायला गेले. दोरा कातडीच्या आत—

२७ जून
सासूबाईही पुष्पा म्हणतात. आज कुंकू लावलं ते टाकावरच्या तिच्यासारखं आडवं. मी आडवं कधीच लावत नाही—
ह्यांना सांगितलं, मी विजयमाला. हे हसले. फार गोड हसले.

४ जुलै
सोनार नवा टाक घेऊन आला. सासूबाईंनी त्याला सांगितलं, धाकटी विजयमाला गेली. मी तिथंच—मीच त्याला चहा दिला—
टाकावर माझं नाक, माझी हनुवटी. ह्यांनी दोन बोटांनी उचलला, देव्हाऱ्यात मागं ठेवला. ओठ नाही लावले. एकदाही—
माहेरी कुणीतरी कळवा, मी आहे—हात ऐकत नाही—ती म्हणते लेखणी ठेव, भाकरी थापायचीय—मी अजून—