पेल्याचं तोंड चपटं का

प्रिय काडे,

हे पत्र तुझी सून तुला वाचून दाखवते आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी तिलाच सांगते. सूनबाई, एकही शब्द गाळायचा नाही, आणि सासूबाई मध्येच 'पुरे' म्हणाल्या तर ते ऐकू आलं नाही असं धरून पुढे वाचायचं. काडे, फोन काय, तू ठेवून देतेस. गेल्या खेपेला मी नुसतं 'कशी आहेस' म्हटलं, तर 'डोळे गेले, हातातलं काम गेलं, आता तू गोड बोलून समजूत घालू नकोस' म्हणालीस आणि ठेवलास. सुनेला असं ठेवून देता येत नाही, म्हणून कागदावर आले.

समजूत घालायला आलेले नाही. ते मला कधी जमलं नाही, शाळेत तू पडलीस तेव्हाही मी आधी हसले होते. मी माझी खबर सांगणार आहे. बाजूचं दिसतं पण समोरचं पुसून जातं, असं तुझी सून म्हणाली. डॉक्टरांनी आणखी काही करण्यासारखं नाही म्हटल्यापासून तू खिडकीकडे पाठ करून बसतेस, हेही तिनेच सांगितलं. तिला रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. तू पुन्हा कामाला लागावंस एवढंच माझ्या मनात आहे आणि ते लपवत नाही. पण आधी खबर.

स्टेशनातून निवृत्त झाले आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. जन्मभर गाड्यांच्या घोषणा केल्यावर माणसाचं तोंड बंद कसं राहणार? भांडी घासताना 'कृपया लक्ष द्या' निघायचं. शेवटी वाचनालयात गेले. तिथे अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. मला वाटलं, छान रहस्यकथा देतील, मी दबक्या आवाजात खून पाडीन. दिलं काय, तर सहावीचं सामान्य विज्ञान. गोष्टींना वाचणारे रांग लावून उभे असतात, म्हणाले, विज्ञानाला कुणी हात लावत नाही. का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, दाराला रजई. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. बांगड्या काढायच्या, पान उलटताना श्वास धरायचा. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ बसतात, त्यांना सगळे कानसेन म्हणतात. पूर्वी त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, आता कॅसेटही नाही आणि दुकानही नाही, कान तेवढे राहिले. माझ्या पोटात गुडगुडलं की ते हात वर करतात आणि अगदी अदबीने म्हणतात, ताई, पचनसंस्थेचा धडा पुढे आहे. हृदयाचा धडा तर त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. अशुद्ध रक्त उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जातं, हे मी असं वाचत होते म्हणे, की कोणीही उठून सामान उचलावं.

आणि पुस्तक उघडलं तर तू. आतल्या पानावर बारीक अक्षरात नाव आहेच, पण ते बघायची गरज पडली नाही. पानाच्या शिरा, कांद्याच्या पेशी, लोहचुंबकाला चिकटलेला कीस, सगळीकडे तुझी ती एका दमात ओढलेली रेघ. इतकी वर्षं झाली, आतला मजकूर दोनदा बदलला, पण चित्रं तीच ठेवली आहेत. बेडकाला तू तुझ्या सासऱ्यांचे डोळे दिले होतेस, ते अजून तसेच पाहतात. (सूनबाई, भावोजी जवळ असतील तर हे वाक्य हळू वाच.)

अडचण अशी, की दर पानावर लिहिलंय 'आकृती पाहा'. मी पहिल्या दिवशी सरळ वाचलं, आकृती पाहा, आणि पुढे गेले. आमचं प्रत्येक ध्वनिमुद्रण आधी अंधशाळेतल्या एका सहावीच्या मुलीकडे जातं. जन्मापासून दिसत नाही तिला. ती ऐकते आणि काय कळलं नाही ते सांगते. आम्ही तिला तपासनीस म्हणतो आणि ती त्या नावाला जागते. तिने निरोप धाडला, बाई, पाहा म्हणालात आणि मग गप्प झालात, मी थांबले होते. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी तुझ्या एकेका चित्रापुढे बसते आणि ते शब्दांत सांगते. तू दोन रेघांत उरकलेल्या गोष्टीला मला पानभर लागतं.

काही गोष्टी सोप्या गेल्या. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, कारण उजेड धावतो आणि आवाज मागून चालत येतो, हे तिला पटलं. फक्त म्हणाली, म्हणजे तुम्हाला आधी कळतं म्हणून तुम्ही दचकत नाही, हा अन्याय आहे. सावली मात्र अवघड गेली. झाडाखाली गार लागतं ती सावली, हे तिला माहीत होतं. सावलीला आकार असतो, हे खरं वाटेना. मग एका थंड सकाळी मी घरचा हीटर शाळेत नेला, तिला त्याच्यापासून लांब बसवलं आणि मध्ये जेवणाची ताटली धरली. ती तळहात सावकाश इकडून तिकडे नेत राहिली. ऊब, मग गार, मग पुन्हा ऊब. ताटली हीटरजवळ नेली तर गारवा पसरला, तिच्या हाताजवळ आणली तर आवळला. मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली की सावली मोठी झाली. काडे, मी आयुष्यभर सावलीतून चालले, पण ती मला त्या दिवशी नीट कळली. घरी येऊन हीटरसमोर डोळे मिटून तळहात धरून बसले. दूधवाला दार वाजवून गेला.

मी बरी आहे हं. सकाळी कामाला जायचं असतं, कुणी तरी चुका काढायला वाट बघत असतं, दुपारी कानसेनांच्या डब्यातलं थोडं मला मिळतं. माणसाला आणखी काय हवं असतं? एकच, की जिच्या चित्रांशी मी दिवसभर बोलते तिने उलट बोलावं.

आता खरी गोष्ट. शाळेने ठरवलं, ऐकण्याबरोबर मुलांच्या बोटांना लागतील अशा आकृत्याही द्यायच्या. पुठ्ठ्यावर दोरा चिकटवायचा, खरखरीत कागद कापून लावायचा, त्यावरून साचा निघतो. त्यांना चित्रकार मिळेना, म्हणून मीच हौसेने बसले. तुझी फुलाची आकृती जशीच्या तशी उतरवली, एकही रेघ सोडली नाही, छायासुद्धा बारीक दोऱ्याने भरली. तपासनिसाने बोटं फिरवली आणि विचारलं, हे पायपुसणं आहे का? कानसेन खुर्चीतून पडायचे राहिले. तेव्हा मला उमगलं, की अवघड काम चिकटवण्याचं नाही, काय गाळायचं हे ठरवण्याचं आहे. ते मला येत नाही. तुला येतं. तुझी ती एका दमातली रेघ म्हणजे दुसरं काय होतं? तुझ्या हातातलं काम गेलं म्हणतेस, ते मला पटत नाही ते यासाठी. या कामात मधलं दिसलं काय आणि न दिसलं काय, शेवटी तपासायचं बोटांनीच. उलट डोळे असलेले आम्ही त्यात सारखे फसतो.

परवाचीच गोष्ट सांगते आणि थांबते, कारण पत्र लिहायला बसले ते तिच्यामुळेच. बाष्पीभवनाच्या धड्यात तू काढलेला काचेचा पेला आहे. तो मी अगदी सोपा केला, बाहेरची कड आणि वर तोंड, बस. तपासनिसाने तोंडावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग टेबलावरचा खरा पेला चाचपला. म्हणाली, "बाई, पेल्याचं तोंड तर गोल असतं. चित्रात चपटं का?" मी सांगायला गेले, की तिरकं पाहिलं की गोल चपटं दिसतं. ती म्हणाली, पण मी तिरका हात लावला तरी गोलच लागतं. मी म्हटलं, हे चित्र जिने काढलंय तिलाच विचारू. ती म्हणाली, विचारा, मी थांबते. काडे, ती खरंच थांबते. पेल्याचा तो पुठ्ठा तिने अजून पुढे जाऊ दिलेला नाही, तपासलेल्यांच्या गठ्ठ्यात ठेवायचा नाही म्हणून दप्तरात घालून घरी नेला आहे. सोमवारी सकाळी कानसेन त्यांची गाडी घेऊन तुझ्या दाराशी येतील. मी मागच्या सीटवर असेन, पण तुझी समजूत घालायला वर येणार नाही. वाटेत विचार करून ठेव, कारण तिला काय सांगायचं ते मला खरोखरच माहीत नाही.

तुझीच बडबडी,
रेडिओ