पंचवीस वर्षांचा आठवडा आणि माझा उलटवलेला कोट

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? शिलाईयंत्राचं पायडल अजून चालवतेस की सूनबाईंनी मोटर बसवली? आमच्याकडे सगळे बरे आहेत. माझा घसा तेवढा बसला आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

आमच्या शहराच्या फॅशन वीकला पंचवीस वर्षं झाली, म्हणून मला समारोपाला पाच मिनिटं बोलायला बोलावलं होतं. (पंचवीस वर्षं मी त्याच्याविरुद्ध बोलत आलो, विरोधकालाही ज्येष्ठता मिळते.) आधी एक इतिहासाची पुस्तिका हातात ठेवली. ती वाचून माझं डोकं फिरलं. पहिल्या वर्षी हा आठवडा दीड दिवसाचा होता, बंद पडलेल्या गोदामात, प्रेक्षक कापडाच्या गाठींवर बसलेले, चालणाऱ्या आठ मुलींपैकी दोन दवाखान्यातल्या परिचारिका. हे सगळं त्यात आहे. मग मांडव आला, मग काचेचं सभागृह, आणि आता हा आठवडा नऊ दिवसांचा झाला (सात दिवसांचा तो कधीच नव्हता). ज्या नाटकमंडळीनं दिवे उसने दिले तिचंसुद्धा नाव आहे. आणि तू अकरा दिवसांत शिवलेल्या एकतीस कपड्यांबद्दल काय? ‘कपडे स्थानिक शिंप्यांकडून शिवून घेतले.’ बस्स!

तू फोनवर बजावलं होतंस, “माझं नाव तेवढं येऊ दे. भाषण करू नकोस.” मी शब्द दिला होता. पण समोर सहाशे माणसं आणि हातात माईक! मी मजुरीपासून सुरुवात केली, मग ज्यांनी इमारती बांधल्या पण ज्यांची नावं कोनशिलेवर नाहीत त्यांच्याकडे गेलो, मग सुईचा शोध. चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी माईक बंद केला. (मला माईक लागत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.) शेवटी दिवेवाला म्हणाला, “काका, आता उतरा की! पोरी टाचा घालून ताटकळल्यात.” मागचा जिना त्या पोरींनीच अडवलेला, म्हणून मी त्या चालतात त्या पुढच्या लांब फळीवरूनच तणतणत निघालो, तर संगीत सुरू झालं, कॅमेरे चमकले, टाळ्या पडल्या.

टाळ्या तुझ्या कोटाला होत्या. विटला म्हणून तू उसवून आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवलास ना, तेव्हापासून छातीवरचा खिसा उजवीकडे आलाय. लोकांना वाटलं, नवीन फॅशन! पण आयोजक बाई मूळच्या शिवणकामातल्या. खाली उतरताच त्यांनी माझी कॉलर धरली (मला वाटलं, मारतात), अस्तर चाचपलं, बटणांच्या जुन्या काजांवरचं रफू शोधून काढलं आणि विचारलं, “हा कुणी उलटवला?” म्हटलं, “माझ्या ताईनं. तुमचे पहिले एकतीस कपडेही तिचेच.” त्या म्हणाल्या, “नाव काय ताईंचं?”

ताई, तिथे मी चुकलो. “हे विचारायला पंचवीस वर्षं लागली?” असं म्हणून मी या प्रश्नावरच दहा मिनिटं बोललो. संपवून पाहतो, तर बाई निघून गेलेल्या.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. ‘श्रम’ म्हणताना हात वर केला, तेव्हा कोट काखेत उसवला. पार्सलाने पाठवतो आहे.

ता. ता. क. पुस्तिकेचं दुरुस्त पान आलं. त्यात छापलंय: ‘पहिल्या वर्षाचे सर्व कपडे : वक्त्यांच्या ताई’. मी लगेच फोन केला, “नाव सांगतो, लिहून घ्या.” बाई घाईघाईनं म्हणाल्या, “नको, नको, तुम्ही नका सांगू! ताईंचा नंबर द्या.” मंगळवारी त्यांचा फोन येईल, गुरुवारी छपाई आहे. पूर्ण नाव सांग आणि फोन ठेव. भाषण करू नकोस.