बाजारतळावर शंभर झाडं

गुरुवार, ४ फेब्रुवारी १९७१

आजपासून रोजनिशी. ग्रामसेवक राधाकृष्ण भाऊसाहेबांनी पंचायतीच्या कपाटातली जुनी वही दिली. पहिली चार पानं कोंडवाड्यातल्या जनावरांची होती, ती फाडली. आता वही माझी.

पंचायतीनं मला बायांच्या राखीव जागेवर मेंबर करून घेतलं. सरपंच आबासाहेब म्हणाले, रंगुवहिनी, दुसरी कुणी तयारच न्हाई. म्हणजे गावात माझ्या तोडीची बाई नाही, हे सरपंचांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मी तिसरी पास. चौथीत मास्तरांशी पटलं नाही.

आज बाजार होता. छबूबाई भाजी विकते, माझ्या माहेरची. तिची मेथी बाराच्या आत माना टाकते आणि मग दहा पैशाला दोन जुड्या कराव्या लागतात. बाजारतळाच्या कडेला नऊ बाभळी आहेत, त्यांच्या बुडाशी जागेसाठी बायांची पहाटेपासून भांडणं. बाभळीची सावली ती काय सावली. चाळणीतून पडल्यासारखी.

मी सगळ्यांसमोर शब्द दिला. पुढच्या चैत्रात एकही बाई उन्हात बसणार नाही. छबू म्हणाली, रंगू, शब्द देती का नुस्ती बोलती. मी म्हणलं, मेंबर बोलत नसतो, देतो.

शनिवार, २० फेब्रुवारी

पंचायतीची बजेटची मीटिंग. सातजण हजर. मी एकटी बाई, पण आवाज माझाच.

आबांचं म्हणणं, बाजारतळावर पत्र्याचं शेड टाकू. पाचशे रुपये पडलेत, लोखंडी खांब नाहीत तर लाकडी लावू. मी उठले. पत्रा तापतो, झाड तापत नाही. पत्रा वाऱ्यानं उडतो, झाड उडत नाही. पत्र्याला मधाचं पोळं लागलेलं कुणी बघितलंय का. शंभर झाडं लावा म्हणलं. अर्धा तास बोलले. सगळे इतके भारावले की दोघं तर डोळे मिटून ऐकत होते.

आबा म्हणाले, वहिनी, तुमी म्हनाल तसं, पन आता चहा येऊ द्या.

शेडचे पाचशे झाडांना वळवले. ठरावात भाऊसाहेबांनी लिहिलं, 'झाडे असल्याने शेडची आवश्यकता नाही. सूचक श्रीमती रंगुबाई.' मी सही केली. अंगठा नाही, सही. शेवटी दोन रेघा मारल्या.

बुधवार, २३ जून

पाचशे रुपयांत रोपं, तारेचं कुंपण आणि समारंभ बसवायचा. तालुक्याचे सभापती स्वतः येणार. नगरला फॉरेस्टवाल्यांकडून रोपं जवळजवळ फुकट मिळतात, म्हणजे पैसा शिल्लकच.

मांडव पाहिजेच. सभापतींना काय उन्हात उभं करायचं? वाजंत्री पाहिजे. झाड लावताना वाजलं नाही तर झाड रुसतं. नावांची दगडी पाटी पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला कळणार कसं. हार, पेढे, चहा, फोटोवाला.

भाऊसाहेब म्हणाले, बाई, तारेला कायच उरत न्हाई. म्हणलं, तार नंतर. आधी झाड, मग तार. पोर व्हायच्या आधी पाळणा टांगतात का.

शुक्रवार, २ जुलै. संध्याकाळी

झालं. शंभर झाडं. कडुनिंब, चिंच, करंज, सगळी टोपलीत बसतील एवढीएवढी. पण जात चांगली आहे, वर्षात मांडवाएवढी होतील.

सभापतींनी एक लावलं, मी एक लावलं, बाकीची गड्यांनी लावली. माझ्या झाडाला मी पाणी घालताना फोटो काढला. सभापती विचारत होते, कुंपणाचं काय. मी सांगितलं, विचार पक्का आहे.

विचार रात्रीपर्यंत करायचा आहे.

शनिवार, ३ जुलै. सकाळी सहा

आला विचार. काटेरी कुंपण. बापजाद्यांनी शेताला काय तार लावली होती? काट्याच्या फांद्या रोवायच्या, फुकट. आणि काटे कुठं लांब आणायला जायला नको, बाजारतळावरच नऊ बाभळी उभ्या आहेत.

एवढी साधी गोष्ट सात मेंबरांत एकट्या मला सुचली.

सोमवार, ५ जुलै

बाभळी तोडल्या. सहादेव शेळ्यांवाला कुऱ्हाड घेऊन आला. दोनदा विचारलं त्यानं, काकी, ह्याच का, समद्याच का. म्हणलं, तुला ऐकू कमी येतं का. तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. वाघ आहे गडी, दुपारी चारपर्यंत नऊ आडव्या. प्रत्येक रोपाभोवती हिरव्यागार काटेरी फांद्या, जणू शंभर नवऱ्या बाशिंगं बांधून बसल्यात. बुंधे आबासाहेबांनी पंचायतीसाठी ताब्यात घेतले. त्यांच्याच वाड्यात ठेवलेत, जागा आहे म्हणून.

छबू आली. अगं, मग आमी बसायचं कुठं. मी समजावलं, नऊ गेल्या तर शंभर येतात. तिसरी पासाला कळतं ते तुला कळत नाही होय? वर्षभर कळ काढ. ती म्हणाली, मेथी वरसभर कळ काढंना, तिचं काय करू. मी म्हणलं, मेथी नको लावू, कांदा लाव. पुढारी माणसाला असे प्रश्न जागच्या जागी सोडवावे लागतात.

सोमवार, १९ जुलै

झाडांना भेट. बाजारतळावर शेळ्याच शेळ्या. आधी वाटलं बाजाराचा दिवस आहे. मग कळलं, बाभळीच्या हिरव्या पाल्यावर आल्यात. शेळीला बाभळीच्या पाल्याचं वेड, हे गावात कुणाला माहीत नव्हतं, मलाही वाटलं नव्हतं. शेळी आधी कुंपण खाते. मग आत काय आहे ते बघते.

सहादेवाला झापलं. तो म्हणाला, काकी, पाला तुमी मांडला, मी शेळ्यांना काय हात धरून आनलं? उलट बोलला. टिपून ठेवते.

मंगळवार, ३ ऑगस्ट

ठराव करून घेतला. गावात दवंडी. शेळ्यांनी बाजारतळावर येऊ नये, आल्यास कोंडवाड्यात. दवंडीवाला हलगी बडवत चालला आणि शेळ्या घाबरून बाजारतळाकडंच पळाल्या. तरी कायदा झाला हे महत्त्वाचं.

घरात सुबत्ता. आमची चंद्री शेळी दुपटीनं दूध देते. दिवसभर कुठं चरते कुणास ठाऊक, संध्याकाळी पोट नगाऱ्याएवढं करून येते. मी मेंबर झाल्यापासून घराला बरकत आली, हे मी ह्यांना सांगितलं. हे नुसते हसले. साधा माणूस.

शुक्रवार, २० ऑगस्ट

पावसानं ओढ दिली. झाडं मोजली. एकसष्ट. पण वाळलेली धरली तर.

ठरवलं, रोज सकाळी शंभर तांबे पाणी घालायचं. आज सतरा घातले, कंबर धरली. उद्या उरलेले.

शनिवार, २१ ऑगस्ट

आज शनिवारचा उपास.

शनिवार, ११ सप्टेंबर

आठ दिवस चूल अशी पेटते की फुंकणी हातात घ्यावी लागत नाही. हे कुठून तरी छान वाळलेलं सरपण आणतात. बारीक, काटेरी, कडकडीत. भाकरी कशी टम्म फुगते. सगळ्या आळीत असंच सरपण दिसतं. यंदा सरपणाचा हंगाम चांगला.

झाडांकडं जायला टाइम मिळाला नाही. पण झाडाला सारखं बघितलं की दृष्ट लागते.

रविवार, १२ सप्टेंबर

गेले होते. कुंपण नाही.

काटा एक नाही. शंभर कुंपणं गेली कुठं? माझा पक्का संशय शेजारच्या काष्टी गावावर. त्यांचा बाजार मोठा, आमचा वाढलेला बघवत नाही. टेम्पो घेऊन आले असणार.

ह्यांना सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, व्हय, काष्टीचेच. आणि मग भाकरीकडं बघत बसले.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

तालुक्याहून छापील फॉर्म आला. लावलेली झाडे, शंभर. जगलेली झाडे, रिकामी जागा.

भाऊसाहेबांना घेऊन बाजारतळावर गेले. दगडी पाटी सुखरूप आहे. तिच्यामागं तीन करंज. करंजाला शेळी तोंड लावत नाही, कडू. तिन्ही माझ्या गुडघ्याएवढे. बाकीचे खड्डे.

भाऊसाहेब म्हणाले, मंग तीन लिहू का. म्हणलं, वेड लागलं का तुम्हाला. सभापतींनी पेढा खाल्लाय. भाऊसाहेबांनी विचारलं, मग शंभर लिहू? म्हणलं नको, शंभर लिहिलं तर खोटं वाटेल. सत्त्याण्णव लिहा. प्रामाणिक आकडा.

त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, बाई, ह्यात तुमची सही लागंल. केली. तीन रेघा.

सोमवार, १० जानेवारी १९७२

तालुक्याचं पत्र. सत्त्याण्णव झाडं जगवणारी आपली पंचायत तालुक्यात पहिली. अभिनंदन. आबांनी चावडीवर वाचून दाखवलं. मी खुर्चीवर बसले होते, पाय जमिनीला लागत नव्हते. खुर्ची उंच आहे हेही खरं.

आबा सगळ्यांसमोर म्हणाले, वहिनींनी गावाचं नाव काढलं. छबू मागं उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. आनंदानं असेल.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

बाजार. ऊन आत्तापासूनच चावतंय. यंदा विहिरींनीपण तळ गाठलाय. छबूची मेथी दहालाच मेली. तीन बाया गेल्या काष्टीच्या बाजाराला, तिकडं कडुनिंबाची सावली आहे म्हणं. छबूला तिकडं जाता येत नाही, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, दुपारी घरी यावं लागतं.

दहा पैशाला चार जुड्या ओरडत होती.

मला रात्री झोप आली नाही. चहा जास्त झाला होता.

शनिवार, २६ फेब्रुवारी

बजेटची मीटिंग. मी उठले. बाजारतळावर पत्र्याचं शेड टाका.

आबा म्हणाले, वहिनी, पत्रा तापतो ना? मी म्हणलं, लाकडी खांबावर उंच टाकला तर तापत नाही. म्हणाले, वाऱ्यानं उडतो ना? म्हणलं, दगड ठेवा. माणसानं मत बदलू नये असा काही कायदा आहे का. सगळे हसत होते. माझा मुद्दा पटल्यामुळं.

पंचायतीत पैसा नाही, आबा म्हणाले, पण तालुक्याकडं मागू. ठराव झाला. एकदम मोकळं वाटलं. जाता जाता छबूला सांगितलं, पाडव्याच्या आत तुझ्या डोक्यावर पत्रा. या खेपेला नुसतं बोलत नाहीये. ती म्हणाली, बरं. एवढंच. पण तिनं मला मूठभर मेथी दिली, पैसे घेतले नाहीत.

सोमवार, २७ मार्च

पत्र आलं. भाऊसाहेबांनी चावडीवर वाचलं नाही. घरी घेऊन आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं, मग वाचलं.

आपल्या बाजारतळावर सत्त्याण्णव झाडे उत्तम स्थितीत असल्याने, तसेच 'झाडे असल्याने शेडची आवश्यकता नाही' असा आपल्याच पंचायतीचा ठराव असल्याने, शेडसाठी रक्कम देता येत नाही. ज्या गावांत सावली नाही अशांना प्राधान्य.

मी विचारलं, आपण परत लिहायचं का, चुकून लिहिलं होतं म्हणून. ते म्हणाले, लिहू की. सही तुमचीच लागंल, बाई. खाली लिहावं लागंल, तीनच हायेत म्हनून. आबासाहेबांना इचारावं लागंल. सभापतींना समजंल.

मी म्हणलं, उद्या बघू.

मंगळवार, २८ मार्च

आज डोकं दुखत होतं.

बुधवार, २९ मार्च

आजपण.

गुरुवार, १३ एप्रिल

बाजारात गेले. दोन बाजार गेले नव्हते.

पाचच बाया होत्या. छबू मधोमध, डोक्यावर ओलं फडकं. मला बघून जागा करून दिली. म्हणाली, रंगू, कागदावर सत्त्यान्नव हायेत म्हनं. मला त्यातलं एक दाव. सगळी नगं, एकच. त्याच्या बुडाशी मी पाटी मांडते.

ती चिडून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. तयार होतं माझ्याकडं. पण ती साधंच विचारत होती.

मी बसले नाही. तिच्या पाटीच्या उन्हाकडच्या अंगाला जाऊन उभी राहिले, पदर दोन्ही हातांनी पसरून. माझी सावली पडली, मेथीच्या अकरा जुड्यांवर. छबूनं आणखी चार सरकवून आत घेतल्या. मी अंगानं भरलेली आहे, ते कामाला आलं. अकरा वाजेपर्यंत सहा जुड्या ताज्या गेल्या.

बाराला सावली माझ्या पायाखाली आली. तिथं मेथी मावेना.

उद्या भाऊसाहेबांना सांगते, तीन लिहा म्हणून. सही साधी करीन.