पोळी करपायच्या आत

आबा,

आईच्या मागे धारच्या घरात पोळ्या तुम्हीच करायचात. माझं एम.ए. चाललेलं. पोळी तव्यावर टाकायची आणि म्हणायचं, "हं, बोल. ही करपायच्या आत तुझ्या प्रबंधाचा प्रश्न सांगून झाला पाहिजे." मी आपली विषयाचं चऱ्हाट लावायचे, तोवर पोळी करपायची, आणि ती मलाच वाढायचात. "विषय झाला, बाई. प्रश्न कुठाय?" असा राग यायचा ना तुमचा! प्रबंध पुरा व्हायच्या आतच तुम्ही गेलात. शेवटी सापडलेला प्रश्न तुम्हाला ऐकवायचा राहूनच गेला.

आता देवासच्या कॉलेजात मी मार्गदर्शक आहे. सतवासची एक मुलगी माझ्याकडे डिसर्टेशन करतेय, तिचं कामही धारचंच, म्हणून धारच्या आपल्याच घरात भाड्याने राहते. विद्यापीठाची नियमावली तिच्या डोक्यावरून जायची. उद्दिष्टं, पद्धत, संदर्भ, सगळ्याची नुसती खिचडी. परवा मात्र एका वाक्यात नेमका प्रश्न घेऊन आली. म्हटलं, "शाब्बास गं! कुणी समजावलं?"

"मॅडम, मी किचनमध्ये नियम जोराने वाचत होते, तर पोळी जल गई. मग पीछेसे कोणी तरी बोललं, विषय झाला, बाई. प्रश्न कुठाय?" ती हसली. "मला वाटलं, तुमचंच बोलणं डोक्यात बसलं असेल."

मी हे तिला कधीच म्हटलेलं नाही, आबा. कुणालाच नाही.

रविवारी धारला गेले. ती बाजारात गेल्यावर ओट्यापाशी उभी राहिले. गॅस बंद, तवा खिळ्याला टांगलेला. माझा तो प्रश्न मोठ्याने सांगितला, एका वाक्यात. काही नाही. मग मला रडूच आलं आणि मी बोलत सुटले, तुमचं आजारपण, देवासची खोली, रिकामी संध्याकाळ, काय काय. आणि करपल्याचा वास आला. तवा तिथेच, भिंतीवर. मी चपला हातात घेऊन पळाले.

हे पत्र टाकणार कुठे? राहू दे इथेच. एवढंच सांगते, देवासला आता मी तव्यावर पोळी टाकून मुद्दाम बोलत राहते, करपेपर्यंत. मागून कुणी काही म्हणत नाही. मग ती पोळी मीच वाढून घेते.