शेवटचा बाक

रवि., ७ सप्टें.
बाळ घेऊन येणारी ती नवी बाई आजही शेवटच्या गाण्यालाच पळाली. मागचा बाक, लागून मागचं दार, सटकायला मोकळं. लग्न होऊन मी बोईसरला आले तेव्हा या चर्चमध्ये वर्षभर कुणी धड नाव विचारलं नव्हतं. तिचं तसं होऊ नये. पाळकसाहेबांना म्हटलं, हॉलची मांडणी बदलू या. ते म्हणाले, तुम्ही शाळेत ड्रॉइंग शिकवता, आराखडा तुम्हीच काढा.

शनि., १३ सप्टें.
बाक अडगळीत. मागचं दार बंद. चपलांचं स्टँड बाजूच्या व्हरांड्यात, तिथंच चहा, समोरासमोर खुर्च्या. चपला घालायला चहापाशी यावंच लागेल! कागदावर तरी झकास. त्या बाकावर जन्म काढलेल्या शांतामावशी फुरंगटल्यात. बसतील कुठंही.

रवि., १४ सप्टें.
आली. बाक नाही बघून घुटमळली, मग पुढं अंग चोरून बसली. शेवटच्या गाण्याला सगळ्यांसमोरून निघाली. बाळ रडलं, माना वळल्या. चपला हातातच घेऊन अनवाणी गेली. खुर्च्यांवर आम्ही नेहमीचेच.

रवि., २१ सप्टें.
नाही आली. माझ्यामुळेच?
धीर करून मावशींना विचारलं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
"तिचा नवरा कंपनीत नाईटला हाय. कुंभवलीत एकच खोली, चावी हिच्याकं. तो सकाळी दमून येतो, दाराशी उभा ऱ्हातो. मंग ही थांबंल कशी?"
तुम्हाला कसं ठाऊक?
"पोर माज्याच मांडीवर निजायचं की. त्या बाकावर."
करायला गेले एक. जी ओळख होत होती, तीच मी अडगळीत टाकली. लाज वाटते.
नाव विचारलं तिचं. मावशी म्हणाल्या, "आली का तूच इचार."

शनि., २७ सप्टें.
बाक परत जागेवर. मागचं दार उघडलं, बिजागरीला तेल. कमिटीत एकजण हसला. हसू दे. उद्या येईल का?

रवि., २८ सप्टें.
मावशी बाकावर, शेजारी जागा धरायला पिशवी. मी पलीकडे. उपासनेत लक्ष कसलं, "तुमचं नाव काय" हेच मनात घोकत होते. शेवटचं गाणं झालं, आशीर्वाद झाला. पिशवी तिथंच.
मावशींनी ती सावकाश उचलली. "आज त्याला सुट्टी असंल, गावाकडं गेली असतील," म्हणाल्या.
असेल, म्हटलं. मागचं दार उघडंच ठेवून आले.