पटावर तुमच्या, वर्गात माझ्या

उमापूर, ता. गेवराई
२ डिसेंबर २०२४

श्री. अभिमन्यूराव यांना धाकट्या साडूचा सा. न. वि. वि.

मे महिन्यात मेव्हण्याच्या लग्नात आपण दोघे शाळेच्या निकालावरून भर पंगतीत भांडलो. तेव्हा सासूबाईंनी हुकूम काढला की दोन्ही मास्तर जावयांनी वर्षभर एकमेकांना फोन करायचा नाही, बोलायचंच असेल तर कागदावर बोला, लिहिताना माणूस निम्मे शब्द गिळतो. सरस्वतीबाईंचा हुकूम मोडायची माझी छाती नाही, म्हणून हे पत्र. बायकांना मात्र हुकूम लागू नाही. करिष्मा आणि दिपालीताई रोज तासभर फोनवर असतात.

इकडे सगळे खुशाल. आमच्या शाळेला यंदा पहिलीपासून सेमी इंग्रजी मिळालं, दहा टॅब आले, पाचवीला शिष्यवृत्तीचा जादा तास सुरू केलाय. तुम्हाला जळवायला हे लिहीत नाही असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू, थोडं त्यासाठीच लिहितोय.

आता कामाचं. आमच्या शिवारात ऊसतोडीला तुमच्या वस्तीवरची टोळी उतरली आहे. त्यातल्या बजरंगची मुलगी संस्कृती तुमच्या सहीचं शिक्षण हमी कार्ड घेऊन माझ्या पाचवीत बसायला आली. म्हणजे नाव पटावर तुमच्या आणि पोरगी वर्गात माझ्या. कार्डावर तुम्ही शेरा मारलाय, ‘अबोल आहे. वाचन जेमतेम.’ साहेब, तिसऱ्या आठवड्यात तिनं अख्खं पान न थांबता वाचलं. तीन अंकी भागाकार करते. तीन वर्षं ही तुमच्याकडे नेमकं काय करत होती?

तिला शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं आहे. नाव तुमच्या शाळेचं असल्यामुळे फॉर्म तुमच्याच लॉगिनमधून भरावा लागेल, शेवटची तारीख १८. बजरंग म्हणाला की पोरगी परीक्षेत पास झाली तर पुढच्या हंगामाला तिला केशरबाईजवळ, म्हणजे त्याच्या आईजवळ, गावीच ठेवीन, हंगामी वसतिगृहात जेवेल आणि शाळा करेल. नाहीतर धाकट्या भावाला सांभाळायला ती कोपीवर, टोळीच्या झोपडीवर, लागतेच, आणि दोन वर्षांनी कोयता आहेच. तेव्हा विसरू नका.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढवा म्हणायची हिंमत नाही.

आपला
शिवशंकर


शिरूर कासार
६ डिसेंबर २०२४

श्री. शिवशंकरराव यांस स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा राग नीट यावा म्हणून.

जिल्हा परिषद आपल्या दोघांची एकच आहे ना हो? मग सेमी तुम्हाला, टॅब तुम्हाला, साहेबांच्या भेटी तुम्हाला, आणि आम्हाला काय, तर दर सोमवारी नवीन माहिती भरायचा तक्ता. माझ्याकडे सातवीपर्यंत एक्केचाळीस पोरं, दिवाळीनंतर उरली सव्वीस. बाकीची कारखान्यांवर. एक संगणक आहे, त्याला रेंज हवी असेल तर मोबाइल खिडकीच्या गजाला बांधावा लागतो. भागाकार मी गेली चौदा वर्षं डबाभर चिंचोक्यांवर शिकवतो. ते चिंचोकेही दिपालीनं फोडून दिलेले, सरकारनं नव्हे.

संस्कृतीचं म्हणाल तर शेरा मी खोटा लिहिला नाही. तीन वर्षांत ती माझ्याशी मानेनं बोलली. हो म्हणजे खाली, नाही म्हणजे बाजूला. मी विचारलं, समजावलं, एकदा रागावलोसुद्धा. वाचायला उभी केली की पुस्तक नाकाला लावायची आणि ओठ हलवायची. आणि तुमच्याकडे तीन आठवड्यांत अख्खं पान! मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. खरं सांगतो, त्या दिवशी दुपारचा डबा मी तसाच घरी परत आणला, आणि दिपालीला सांगितलं की पोट बिघडलंय.

फॉर्मचं बघतो. सध्या साइट उघडत नाही. शिवाय तीन आठवड्यांच्या वाचनावर परीक्षेला बसवायची घाई कशाला, नापास झाली तर हिरमुसेल. तिला मी ओळखतो. तुमच्याकडे ती पाहुणी आहे.

दिपालीचा करिष्माला आशीर्वाद. आपुलकी असू द्यावी, सल्ले कमी असले तरी चालेल.

आपला
अभिमन्यू


उमापूर
११ डिसेंबर २०२४

श्री. अभिमन्यूराव यांना सा. न. वि. वि.

खुशाली वगैरे नंतर लिहीन. दिपालीताईंनी करिष्माला सांगितलं की तुमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे फॉर्म केव्हाच भरून झालेत. मग साइट एकट्या तुमच्यासाठीच बंद आहे काय?

तुमचा मान राखून एक वाट काढली आहे. संस्कृतीचं नाव माझ्या शाळेकडे वर्ग करावं अशी विनंती मी पोर्टलवर टाकली आहे. तुम्ही फक्त मंजूर म्हणायचं, फॉर्म मी भरतो. बजरंग रोज संध्याकाळी मोळ्या उतरवून शाळेच्या फाटकाशी येतो आणि विचारतो की सर, कागद झाला का. त्याला मी काय सांगू, की माझ्या साडूला माझ्या टॅबचा राग आलाय?

अभिमन्यूराव, रुसायचं तर माझ्यावर रुसा. सासूबाईंकडे माझी हवी तितकी गाऱ्हाणी करा. पोरीचं वर्ष मधे घेऊ नका.

राग ओसरल्यावर लोभ ठेवावा.

शिवशंकर


शिरूर कासार
१६ डिसेंबर २०२४

श्री. शिवशंकरराव यांस स. न. वि. वि.

फॉर्म भरला. आज सकाळी. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

साइट कधीच बंद नव्हती. बाकीच्या दोन पोरांचे फॉर्म मी नोव्हेंबरातच भरले होते. तिचा मुद्दाम ठेवला. ती पास झाली तर केंद्रभर बोभाटा होईल की अभिमन्यू मास्तरच्या हाताखाली मुकी राहिलेली पोर उमापूरच्या मास्तरनं महिन्यात बोलती केली, हेच डोक्यात होतं. तुमची विनंती दिसली तेव्हा तर अंगाचा तिळपापड झाला. आता नावसुद्धा नेतो हा माणूस! मी तीही नामंजूर केली. लिहायला लाज वाटते, पण दिपालीनं सांगितलंय की लिहिल्याशिवाय चहा मिळणार नाही. तुमचं पत्र तिनंच आधी वाचलं. मला एवढंच म्हणाली की पोरगी कोयता धरेल तेव्हा तो तुमच्या हातानं दिलेला असेल.

शनिवारी फॉर्म भरायला बसलो तर फोटो पाहिजे. मोबाइलमधले तीन वर्षांचे फोटो धुंडाळले. झेंडावंदन, सहल, वृक्षारोपण, सगळे. संस्कृती प्रत्येकात आहे आणि कुठंही पूर्ण नाही. कधी कुणाच्या खांद्यामागे, कधी नुसती वेणी. फोटो काढणारा मीच. तीन वर्षांत एकदाही मी तिला पुढं ये म्हणालो नव्हतो. कार्डावर मात्र अबोल म्हणून शेरा ठोकून मोकळा झालो.

तुम्हाला फोटो मागवता आला असता. मागवला नाही, तेवढा मोठेपणा अजून अंगात आलेला नाही. काल रविवारी गाडी काढली आणि थेट तुमच्या शिवारात टोळीच्या कोप्यांवर गेलो. तुमच्या घरावरून गेलो, थांबलो नाही. करिष्माला सांगा, अंगणातली मिरची वाळत घातलेली दिसली.

पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन चुलीजवळ उभी होती. मला पाहिलं आणि ओरडली, अगदी चार कोप्यांना ऐकू जाईल असं, की माय, बघ, आमचे सर आले! शिवशंकरराव, मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. गाडीचं स्टँड लावायचं राहून गेलं, गाडी पडली, आरसा फुटला. फोटो काढताना तिनं धाकट्याला खाली ठेवलं नाही, म्हणून फोटोत कडेला एक लहानसा कान आला. फॉर्मला लावताना तो मी कापून टाकला.

एक विचारतो, खरं सांगा. तुम्हालाही ती तसंच म्हणते का, आमचे सर म्हणून?

चुकीची माफी असावी, आणि जमल्यास लोभही.

आपला
अभिमन्यू


उमापूर
२२ डिसेंबर २०२४

श्री. अभिमन्यूराव यांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून तुम्हाला फाडून खाणारं उत्तर लिहायला बसलो होतो. शेवटच्या प्रश्नाशी येऊन अडलो.

नाही म्हणत. मला ती हितले सर म्हणते.

हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. वर्गात आली त्याच दिवशी मी टॅबवर भागाकाराचा पाठ लावला. पोरं खूश, ही नुसती बघत राहिली. विचारलं तर म्हणाली की आमचे सर असं न्हाई करत, आमचे सर आदी चिंचोके मांडतेत. आणि अंगणातले खडे आणून फरशीवर ओळीनं मांडले आणि माझ्यादेखत तीन अंकी भागाकार केला. वाचनाचंही तेच. पान तिला येतच होतं. आमचे सर म्हणतेत की स्वल्पविरामाला श्वास घ्यायचा, असं मलाच बजावून वाचायला लागली. तुमच्याकडे तिनं ओठ हलवत सगळं आत साठवून ठेवलं होतं. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तोंड उघडायची भीती नसेल, एवढाच माझा तर्क. मी तिला काही शिकवलं नव्हतं.

रोज सहा तास माझ्या वर्गात तुमचं कौतुक ऐकायचं आणि वर तुम्हाला कळवायचं? माझ्यानं झालं नाही. दहा टॅब माझे, सेमी माझं, आणि पोरीला गोडी चिंचोक्यांच्या डब्याची. तुमच्यावर एवढा जळलो की श्रेय परस्पर खिशात घातलं आणि वर तुम्हालाच टोमणा मारला. तुम्ही फॉर्म दाबून ठेवलात, मी तिचा शब्द दाबून ठेवला. सासूबाईंना यातलं काही कळू नये.

जादा तास आता सकाळी सातला घेतो. बजरंगनं धाकट्याला तेवढा वेळ सांभाळायचं कबूल केलंय. चिंचोके मिळतात का पाहतोय, इथं चिंचेचं झाड लांब आहे. शक्य असेल तर टोळीकडे येणाऱ्या कुणाबरोबर थोडे पाठवा. मागताना जीव जातोय.

लोभ होता तो मी नीट वापरला नाही. उरला असेल तो असू द्यावा.

आपला
शिवशंकर


शिरूर कासार
२८ एप्रिल २०२५

श्री. शिवशंकरराव यांस स. न. वि. वि.

निकाल तुम्ही पाहिलाच असेल. संस्कृती पास झाली. गुणवत्ता यादीत बसते का ते पुढं कळेल, पण बजरंगला पास हाच शब्द ऐकायचा होता. शाळेचं नाव माझं छापून आलं. फलकावर मी रंगानं तिचं नाव लिहिलं आणि मार्गदर्शक म्हणून खाली फक्त स्वतःचं लिहिलं. मग शिडीवर तसाच उभा राहिलो. दिपाली खालून बघत होती. तुमचं नावही लिहिलं आहे. अक्षर थोडं बारीक आलं, जागा कमी होती असं समजा.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आपण दोघं एकाच झाडाखाली तीन तास बसलो आणि सासूबाईंचा हुकूम सांभाळून नुसतं हवामानावर बोललो. तेव्हा तुम्ही तिच्यासाठी पेरू आणले होते आणि मीही पेरूच आणले होते. तिनं दोघांचे घेतले. कुणाचा आधी खाल्ला ते मी पाहिलं आहे, पण सांगणार नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. टोळी पाडव्याला परत आली. पोरगी पहिल्या रांगेत बसते, बोलते, इतकी बोलते की कधी कधी गप्प बस म्हणावं लागतं. मागच्या आठवड्यात मी डबा काढला, चिंचोके मांडले आणि अपूर्णांक शिकवायला लागलो. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की सर, आमचे सर असं न्हाई शिकवत, आमचे सर पाटीवर भाकर काढून दाखवतेत. कोणते आमचे सर, मी विचारलं. मला एवढंसुद्धा ठाऊक नाही याचं तिला नवल वाटलं. म्हणाली, उमापूरचे.

त्या दिवशी डबा पुन्हा तसाच घरी आला. या वेळी दिपालीला खरं कारण सांगितलं. ती हसली आणि म्हणाली की तिला जे सोडून यावं लागतं तेच ती आपलं म्हणते, दर वर्षी काही ना काही सोडतेच की बिचारी.

काल केशरबाईच्या ओट्यावर बसून बजरंगचा शब्द पक्का करून घेतला. दिवाळीनंतर टोळी जाईल, संस्कृती जाणार नाही. आजीजवळ राहील, वसतिगृहात जेवेल, सहावी-सातवी सलग माझ्याकडे करेल. हमी कार्डावर तिचं नाव आता लिहायचं नाही. म्हणजे मला सोडून ती कुठं जाणारच नाही, आणि तुम्ही कायमचे तिचे आमचे सर झालात. मी आपला सातवीपर्यंत हितला सर. शब्द घेताना हे मला कळत होतं, तरी घेतला.

मे महिन्यात सासूबाईंच्या हुकमाला वर्ष होतंय. पहिला फोन तुम्ही करा, धाकटे आहात. पाटीवरची ती भाकर कशी काढता ते विचारायचं आहे.

हेवा आहे तो राहणारच, त्याच्याशेजारी लोभालाही जागा असू द्यावी.

आपला
अभिमन्यू